एमडी, आईस, जिमचं इंजेक्शन: उत्तेजक नशेतून आलेले भास-भ्रम घरच्यांनी कसे ओळखायचे

"दारू नाही, गांजा नाही, तोंडाला वास नाही. पण चार रात्री डोळा लागलेला नाही, आणि म्हणतो, समोरच्या बिल्डिंगमधून आपल्यावर नजर ठेवतात." घरचे हे सांगायला येतात तोवर तीन गोष्टी बहुधा करून झालेल्या असतात. 'असं काही नाहीये रे' म्हणत तासन् तास वाद घातलेला असतो. खिसे, कपाट, गादी उलटीपालटी करून 'काय घेतलंस ते कबूल कर' असा दम दिलेला असतो. आणि कुणा मावशीच्या सांगण्यावरून अंगारा आणून उशीखाली ठेवलेला असतो. यातलं काहीच उपयोगाला येत नाही, आणि दरम्यान आजार पुढे सरकतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी शरीर बघायचं, मग झोप, मग संशय आणि भास, आणि त्यानंतर कारण. 'काय घेतलंस?' हा प्रश्न बराच खाली येतो.

इथे ज्या पदार्थांबद्दल बोलतोय ते सगळे उत्तेजक गटातले: एमडी म्हणजे मेफेड्रोन (एमडीएमए हा वेगळा पदार्थ, दोन्हींची गल्लत नेहमी होते), मेथॅम्फेटामाईन म्हणजे आईस किंवा क्रिस्टल, आणि कोकेन. त्यांच्या जोडीला एक असा पदार्थ आहे ज्याला घरचे नशा समजतच नाहीत: काही जिममधून 'स्टॅमिना'साठी चोरून विकलं जाणारं मेफेन्टरमाईनचं इंजेक्शन. हे औषध मुळात ऑपरेशनच्या वेळी उतरलेलं ब्लडप्रेशर वर आणण्यासाठी वापरतात. रोज व्यायाम करणारा, अंडी-चिकन मोजून खाणारा मुलगा अचानक संशयी झाला, तर कुणाच्या डोक्यात नशेचा विचार येत नाही. तो यायला हवा.

दोन शब्द पुढे सतत येतील. भास म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं, अंगावर जाणवणं. भ्रम म्हणजे पुरावा नसताना बसलेली आणि कितीही समजावलं तरी न हलणारी खात्री. लेखात सोयीसाठी 'मुलगा' म्हटलंय. मुलगी, नवरा, भाऊ, होस्टेलवरचा रूममेट, कुणीही असू शकतं.

आधीची तयारी

शंका नुसती डोकावली असेल, तेव्हाच या गोष्टी करून ठेवा. ऐन वेळी होत नाहीत.

नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा: ॲम्ब्युलन्ससाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

जवळचं असं हॉस्पिटल शोधून ठेवा जिथे कॅज्युअल्टी आणि मानसोपचार विभाग दोन्ही आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत हे सहसा असतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. मात्र ताप, छातीत दुखणं असं काही असेल तर आधी साधं मोठं हॉस्पिटल, मनोरुग्णालय नंतर.

एक शंभर पानी वही घ्या. रोज चार ओळी: रात्री किती तास झोपला, काय खाल्लं, कोणतं विचित्र वाक्य बोलला (त्याच्याच शब्दांत), पैसे किंवा वस्तू गेल्या का. डॉक्टरांना रिपोर्टच्या फायलीपेक्षा ही चार पानं जास्त कामाची वाटतात.

आणि ठरवा की त्याच्याशी बोलणार कोण. एकच माणूस. ज्याच्यावर त्याचा त्यातल्या त्यात विश्वास आहे तो. घरात सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात मोठ्या आवाजाचा असेल तो नव्हे.

टप्पा १: शरीर बघा, डोक्याचं नंतर

उत्तेजक पदार्थाने माणूस जीवानिशी जातो तो बहुतेकदा शरीरामुळे: अंग प्रचंड तापतं, हृदयाचे ठोके बिघडतात, फिट येते, मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून तो काय बरळतोय याकडे लक्ष देण्याआधी दोन मिनिटं फक्त शरीर बघा.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पुढचे टप्पे सोडा आणि १०८ लावा:

- अंग भट्टीसारखं गरम, थर्मामीटरवर १०२ च्या वर
- छातीत दुखणं, दम लागणं, ठोके बेताल
- फिट, किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा
- अचानक उठलेलं असह्य डोकं
- अंग ताठर, लघवी चहासारखी गडद
- आपण कुठे आहोत, कोणता वार आहे, समोर कोण आहे हे कळत नाही

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण इथेच घोटाळा होतो. नशेतून भ्रम झालेला माणूस सहसा शुद्धीत असतो. तो म्हणेल, 'शेजारी माझा फोन ऐकतात', पण आज गुरुवार आहे, हे आपलं घर आहे आणि समोर आई आहे हे त्याला नीट ठाऊक असतं. जो वार, ठिकाण, माणूस यांतच गोंधळतो, मधेच ठीक वाटतो आणि तासाभराने पुन्हा भरकटतो, त्याच्या मेंदूवर शरीरातल्याच कशाचा तरी ताण आहे: ताप, संसर्ग, सोडियम किंवा साखर घसरणं, डोक्याला मार, विषबाधा. हा मानसोपचाराच्या ओपीडीत नंबर लावून बसण्याचा पेशंट नाही.

तपासा: तीन साधे प्रश्न. 'आज कोणता वार?' 'आपण आत्ता कुठे आहोत?' 'मी कोण?' चेष्टेच्या सुरात नको, पोलिसी सुरातही नको.

सावध: अंग तापलं म्हणून नुसती पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. ही उष्णता जंतुसंसर्गाच्या तापासारखी गोळीने उतरत नाही. पंखा, ओलं कापड, अंगावरचे कपडे कमी करणं आणि ॲम्ब्युलन्स.

सावध: चौघांनी धरून पालथं पाडणं, छातीवर बसणं, खाटेला बांधणं कधीही करू नका. तापलेल्या, धडपडणाऱ्या, ठोके वाढलेल्या माणसाला असं दाबून धरलं की श्वास आणि हृदय बंद पडण्याचा खरा धोका असतो.

टप्पा २: झोपेचा हिशेब मांडा

शरीराला तातडीचा धोका नाही हे कळल्यावर पहिला प्रश्न झोपेचा. संशय बाहेर यायच्या आधी झोप गेलेली असते, आणि झोपेबद्दल विचारलं तर कुणाला राग येत नाही. नशेबद्दल विचारलं की येतो.

वहीत मागच्या दहा दिवसांच्या रात्री मांडा. 'उशिरा झोपतो' याला अर्थ नाही. आजकाल सगळेच उशिरा झोपतात. शोधायचा तो एक ठरावीक नमुना: दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही आणि तरी थकवा नाही, भूक नाही, तोंडाची टकळी चालू, मग अचानक एक दिवस-रात्र मेल्यासारखी झोप, उठल्यावर हावऱ्यासारखं खाणं आणि चिडका, पडलेला चेहरा. हे चक्र दोनदा दिसलं तर उत्तेजक पदार्थाची शक्यता गंभीरपणे धरा.

सोबत अंगावरच्या खुणा बघा. बाहुल्या मोठ्या, अगदी उजेडातही. जबडा घट्ट, दात खाणं, गालाच्या आतल्या बाजूला चावल्याच्या जखमा. सुकलेले ओठ. दोन महिन्यांत पँटी सैल. नाकाने ओढत असेल तर सतत वाहणारं किंवा रक्ताळणारं नाक. जिमच्या इंजेक्शनवाल्यांच्या दंडावर किंवा कोपराच्या आत टोचल्याच्या खुणा असतात आणि उन्हाळ्यातही फुल बाह्यांचे टीशर्ट असतात.

आणखी एक खूण घरचे 'टाइमपास' म्हणून सोडून देतात. तेच ते काम तासन् तास करत राहणं. रात्री तीनला मिक्सर उघडलेला, मोबाईलचे सगळे स्क्रू स्टीलच्या वाटीत एका रांगेत लावलेले, सकाळी विचारलं तर 'दुरुस्त करतोय'. दुसऱ्या रात्री तोच मोबाईल पुन्हा उघडलेला. बिघाड नसतोच. पुढे हेच उघडणं-जोडणं 'आत काहीतरी बसवलंय' या शोधात बदलतं, आणि मग तो टाइमपास राहत नाही.

टप्पा ३: संशय कोणत्या पायरीवर आहे ते बघा

हा टप्पा सगळ्यात नाजूक, कारण नशा करणाऱ्याचा काही संशय खरा असू शकतो. त्याने कुणाचे पैसे थकवलेले असतील. पेडलर (नशा विकणारा) खरोखर फोन करत असेल. मित्राला पोलिसांनी उचललं असेल. 'पोलीस माझ्या मागे आहेत' हे वाक्य म्हणूनच एकटं काहीच सिद्ध करत नाही. ते खरं की खोटं याचा निवाडा करत बसू नका. तो ते कसं धरून आहे याकडे लक्ष द्या.

पहिली पायरी: अस्वस्थ सावधपणा. दाराच्या भिंगातून पुन्हा पुन्हा बघतो, पडदे ओढतो, लिफ्टचा आवाज आला की गप्प होतो. पण विचारलं तर म्हणतो, 'माहीत नाही, मला जरा तसं वाटतंय.' इथे 'वाटतंय' शिल्लक आहे. या पायरीवर डॉक्टरकडे नेलं तर बराच त्रास वाचतो, आणि नेमकं याच पायरीवर कुणी नेत नाही.

दुसरी पायरी: सगळं स्वतःशी जोडणं. टीव्हीवरचा निवेदक त्याच्याबद्दल बोलतो, रस्त्यावरच्या रिक्षाचा नंबर हा इशारा असतो, शेजारणीने वाळत घातलेला लाल टॉवेल म्हणजे खूण. सुट्या गोष्टींचं एक जाळं विणलं जातं आणि दररोज त्यात एक माणूस वाढतो. काल पेडलर होता, आज वॉचमन, उद्या मामा.

तिसरी पायरी: खात्री आणि कृती. 'वाटतंय' संपलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सेलोटेप, भिंगात कापूस, सिमकार्ड कमोडमध्ये, उशीखाली सुरी. पुरावा मागितला तर पुरावा नसणं हाच त्याला पुरावा वाटतो: 'बघ, किती सफाईने लपवलंय.' ही भ्रमाची पायरी. इथे समजावण्याचा उपयोग संपलेला असतो.

खऱ्या भीतीत आणि भ्रमात फरक कळायला दोन प्रश्न बरे पडतात, तेही एकदाच विचारायचे. 'याचं दुसरं काही कारण असू शकेल का?' आणि 'तुझी खात्री शंभरातली किती?' खऱ्या धोक्यात असलेला माणूस विचार करतो, ऐंशी म्हणतो, तपशील देतो आणि ते तपशील एकमेकांशी जुळतात. भ्रमातला माणूस एकतर चिडतो, नाहीतर शंभर म्हणतो आणि तुम्हालाच त्या जाळ्यात ओढतो.

सावध: बायको किंवा मैत्रिणीवरचा संशय वेगळा धरा. उत्तेजक नशेत 'तिचं बाहेर कुणाशी तरी आहे' हा भ्रम वारंवार दिसतो. तो तिचे कपडे हुंगतो, फोन तपासतो, ऑफिसखाली उभा राहतो. आपल्याकडे याला नवऱ्याचा संशयी स्वभाव म्हणून सोडून देतात. या भ्रमात मारहाणीचा आणि त्याहून वाईट गोष्टींचा धोका मोठा असतो. संशय जिच्यावर आहे ती व्यक्ती त्या रात्री त्या घरात राहता कामा नये. तिने 'समजावून सांगायला' थांबू नये.

टप्पा ४: भास विचारून काढा

संशय दिसतो, भास लपतो. लोक आपणहून सांगत नाहीत, कारण वेडा ठरवतील ही भीती. वागण्यातून शोधा: बोलता बोलता थबकून कान देतो, कोपऱ्यात बघून पुटपुटतो, बंद पंख्याकडे टक लावतो, कानात हेडफोन घालून मोठ्याने गाणी लावतो (आवाज दाबायला). मग सरळ विचारा: 'आसपास कुणी नसताना आवाज येतात का? काय म्हणतात?' सुरात आश्चर्य नको.

आवाज शिव्या देतात, नाव पुकारतात, त्याच्याविषयी आपसात बोलतात. यातला एक प्रकार जीवघेणा: हुकूम देणारा आवाज. 'उडी मार', 'त्याला संपव.' म्हणून पुढचा प्रश्न चुकवू नका: 'काही करायला सांगतात का? तसं करावंसं वाटतं का?' असं विचारल्याने डोक्यात कल्पना भरते ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं तर हा घरी थांबण्याचा मामला उरला नाही. टप्पा ७ वर जा, आणि त्याला क्षणभरही एकटं सोडू नका.

उत्तेजक पदार्थांची खास ओळख म्हणजे त्वचेवरचा भास. कातडीखाली किडे, मुंग्या वळवळतात असं वाटतं. हात, पिंढऱ्या, चेहरा ओरबाडून जखमा होतात, त्यांवर खपल्या, पुन्हा ओरबाडणं. मग एक दिवस तो काड्यापेटी किंवा औषधाची छोटी बाटली समोर धरतो: 'हे बघ, पकडलेत.' आत खपलीचे तुकडे, कपड्याचे धागे, एखादा केस, मीठ सांडल्यासारखी धूळ. त्वचारोगतज्ज्ञांना असे डबे घेऊन येणारे पेशंट चांगले माहीत असतात. तो डबा फेकू नका आणि 'यात काय आहे, कचरा आहे' म्हणून झटकूही नका. 'दाखवूया डॉक्टरांना' म्हणा. दवाखान्यात यायला तयार होण्याचं ते सगळ्यात सोपं निमित्त असतं: मनाच्या डॉक्टरकडे नाही येणार, पण किड्यांसाठी येईल.

तपासा: किडे दिसण्याची तक्रार रोज दारू पिणाऱ्या माणसाने, दारू सुटल्यानंतर दोन-तीन दिवसांत केली, सोबत हात थरथरतायत आणि घाम फुटलाय, तर तो दारू तुटल्याचा गंभीर परिणाम असू शकतो. त्यातही जीव जातो. तेव्हा थेट हॉस्पिटल.

टप्पा ५: आता कारण शोधा

वहीतल्या नोंदींवरून एका कागदावर आडवी रेघ ओढा. कोणत्या दिवशी बाहेर होता, कधी पैसे गेले, कधी झोप गेली, कधी पहिलं विचित्र वाक्य, कधी आवाज. नशा, जागरण आणि मग संशय असा क्रम दिसला तर नशेकडे बोट जातं. संशय आणि एकलकोंडेपणा वर्षभर आधीपासून होता आणि नशा नंतर आली, तर स्किझोफ्रेनियासारखा मूळचा आजार असू शकतो. काही दिवस अवाढव्य उत्साह, पैशांची उधळपट्टी, 'मी मोठा होणार' अशी भाषा असेल तर बायपोलरचा विचार डॉक्टर करतील. थायरॉइड वाढणं, स्टिरॉइडच्या गोळ्या, मेंदूज्वर याही गोष्टी असं चित्र उभं करतात. तुम्हाला निदान करायचं नाही, फक्त ती रेघ डॉक्टरांना द्यायची आहे.

एकाच वेळच्या भेटीत 'नशेमुळे की मूळचा आजार' हे बऱ्याचदा सांगता येत नाही. नशा थांबल्यावर बहुतेकांचे भास-भ्रम काही दिवसांत ते आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. पूर्ण बंद असूनही महिनाभर टिकले तर मूळच्या आजाराची शक्यता वाढते. म्हणून डॉक्टर 'बघू' म्हणाले तर ते टाळत नाहीयेत.

लघवीच्या तपासणीवर जास्त भरवसा ठेवू नका. ही इथली नेहमीची फसगत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीत गांजा, अफू गट, ॲम्फेटामाईन, कोकेन असे ठरावीक गट असतात. एमडी त्यात बऱ्याचदा सापडत नाही. मेफेन्टरमाईनच्या बाबतीतही साध्या पट्टीवर विसंबता येत नाही. उत्तेजक पदार्थ लघवीतून साधारण दोन ते चार दिवसांत निघूनही जातात. उलट सर्दीच्या काही गोळ्यांनी ॲम्फेटामाईनची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. निगेटिव्ह आली म्हणून 'पोरगं निर्दोष' आणि पॉझिटिव्ह आली म्हणून 'सापडला चोर', दोन्ही घाईचे निकाल.

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) डॉक्टरांनी दिलेली मिथाइलफेनिडेटसारखी औषधंही उत्तेजकच आहेत. नेमून दिलेल्या मात्रेत भास-भ्रम क्वचित होतात, पण होतात. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि पुढची गोळी द्यायची की नाही ते विचारूनच द्या. परीक्षेच्या काळात होस्टेलवर या गोळ्या एकमेकांना वाटल्या जातात, तो प्रकार मात्र सरळ नशेच्या खात्यात धरा.

टप्पा ६: बोलायचं कसं

टीव्ही बंद. पंख्याचा आवाज चालेल, माणसांची गर्दी नाही. एकच जण बोलणार. त्याच्या आणि दाराच्या मधे उभं राहू नका. त्याला वाट मोकळी दिसू दे, आणि तुमचीही वाट मोकळी ठेवा. अचानक अंगाला हात लावू नका. चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक नको. पाणी, सरबत, पेज, वरणभात, जे जाईल ते.

भ्रमाला 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका. ही तारेवरची कसरत आहे, पण काही वाक्यं हाताशी असली की जमते:

"मला तो आवाज येत नाहीये. पण तुला येतोय आणि त्याचा त्रास होतोय, हे मला दिसतंय."

"कोण आहे ते आपण नंतर बघू. आधी तुझी झोप होऊ दे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मी तुझ्याबरोबर आहे."

"दार लावलंय. आत्ता इथे तू आणि मीच आहोत."

न बोलायची वाक्यं: 'वेडा झालायस का', 'लोक काय म्हणतील', 'बाबांना ॲटॅक येईल तुझ्यामुळे', 'कबूल कर म्हणजे सोडतो'. आणि त्याच्या समाधानासाठी गच्चीवर जाऊन 'मी त्या माणसाला हाकललं' असंही सांगू नका. घटकाभर शांत होतो, पण भ्रमाला साक्षीदार मिळतो.

सावध: मोबाईलवर शूटिंग नको. डॉक्टरांना दाखवायचं म्हणून भाऊ व्हिडिओ काढायला लागतो. ज्याला वाटतंय सगळीकडे कॅमेरे आहेत, त्याच्यासमोर हे होतं, आणि मग मारामारी. वही आहे ना.

सावध: आजीची झोपेची गोळी, कुणाचं तरी उरलेलं मानसिक आजाराचं औषध दुधातून देऊ नका. अंगात आधीच काय आहे, किती आहे हे माहीत नसताना ते धोक्याचं आहे. आणि त्याला कळलं तर 'घरचे मला विष घालतात' या भ्रमाला तुम्हीच पाया घालून दिलात.

टप्पा ७: दवाखान्यात न्या, योग्य ठिकाणी

पहिली जागा हॉस्पिटलची कॅज्युअल्टी किंवा मानसोपचारतज्ज्ञ. व्यसनमुक्ती केंद्र दुसरी जागा, भास-भ्रम उतरल्यानंतरची. 'केंद्राची गाडी येऊन उचलून नेईल' असा सल्ला नात्यात कुणीतरी देतंच. भ्रमात असलेल्या माणसाला अनोळखी चौघांनी गाडीत कोंबणं म्हणजे त्याची भीती खरी करून दाखवणं. शिवाय ताप, ब्लडप्रेशर, ठोके बघायला तिथे कुणी असेलच असं नाही. नंतर केंद्र निवडाल तेव्हा त्याची मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी विचारा. साखळीने बांधणं मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९५ ने बंद आहे. तिथे बांधून ठेवलेला पेशंट दिसला तर परत फिरा.

देवऋषी, भगत, दर्गा यांबद्दल भांडण काढू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'आधी डॉक्टर, मग तुमचं' एवढंच सांगा. पण उपाशी ठेवणं, धुरी देणं, मारून 'बाहेरचं' काढणं याला साफ नकार. उपाशी, तहानलेलं, तापलेलं शरीर ते झेलू शकत नाही, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

घरच्यांची खरी अडचण पोलिसांची भीती असते. डॉक्टरांना नशेबद्दल खरं सांगा. ते उपचारासाठी विचारतात, आणि पेशंटच्या माहितीची गुप्तता हा त्याचा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो, त्याला खटल्यातून संरक्षण देणारी तरतूद एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ मध्ये आहे. प्रकरण आधीच पोलिसांत असेल तर मात्र वकिलाला विचारा.

तो यायला तयार नसेल तर? जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असेल तेव्हा कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ खाली ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. पेशंटचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याच्या वतीने संमती देणारा माणूस) हजर असेल तर त्याची संमती लागते. त्यापुढे दाखल ठेवायचं तर कलम ८९ खाली तपासणी होऊन ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. हातात हत्यार असेल तर स्वतः झडप घालू नका. खोलीतून बाहेर पडा आणि ११२ लावा. फोनवर पहिलं वाक्य 'आजारी माणूस आहे, डॉक्टरकडे न्यायचंय' हे असू दे, म्हणजे येणारे त्या तयारीने येतात.

डॉक्टरांसमोर दोन मिनिटांत सांगायचं ते असं: किती रात्री झोप नाही, पहिलं लक्षण कधी, आवाज हुकूम देतात का, कुणावर संशय, कोणता पदार्थ असल्याची शंका आणि शेवटचा कधी, सोबत दारू किंवा इतर गोळ्या, जुने आजार, घराण्यात कुणाला मानसिक आजार. खिशात सापडलेली रिकामी औषधाची कुपी किंवा गोळ्यांचं पाकीट असेल तर न्या. पावडर किंवा खडे मात्र स्वतःजवळ बाळगू नका, प्रवासात तर नाहीच.

टप्पा ८: उतरल्यानंतरचे आठवडे

औषध मिळालं, झोप लागली. वीस-वीस तास झोपेल; मधेमधे श्वास आणि अंगाची उष्णता बघा, उठवून पाणी पाजा. हलवूनही उठत नसेल तर ती झोप नव्हे, १०८.

उठल्यावर घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि पहारा सुटतो. इथे नका सोडू. नशा उतरल्यावर येणारी खिन्नता खोल असते. आपण काय बोललो, कुणावर सुरी उगारली हे आठवतं, लाज वाटते, आणि आत्महत्येचा विचार याच दिवसांत येतो. पहिले दोन आठवडे एकटं ठेवू नका. उलटतपासणी, पैशांचा हिशेब, नातेवाइकांच्या भेटी हे सगळं पुढे ढकला.

'आता बरा आहे' म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका. महिन्याने पुन्हा दाखवा, भास पूर्ण गेलेत का ते डॉक्टरांना ठरवू द्या. ॲम्फेटामाईन गटाच्या नशेतून भ्रम झालेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, त्यामुळे ही तपासणी निव्वळ औपचारिकता म्हणून उरकायची नाही. मुलाला स्वतःलाही एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे: एकदा भ्रम झाला की पुढच्या वेळी तो कमी मात्रेत, कमी जागरणात आणि लवकर येऊ शकतो. 'थोडंसंच घेतलं होतं' हे तेव्हा लागू पडत नाही.

तो शुद्धीवर, शांत आणि तुमच्याशी बोलता असेल असा एक दिवस निवडा आणि त्याच्याकडूनच लिहून घ्या: माझी पहिली लक्षणं कोणती (दोन रात्री जागा, भिंगातून बघणं, फोन उघडणं, जे त्याचं असेल ते), ती दिसली तर मला कुणी सांगायचं, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं. सोबत साध्या कागदावर आपला नामनिर्देशित प्रतिनिधी कोण हे लिहून त्याची सही घ्या. कायद्याला तेवढं पुरतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. तो आईऐवजी मित्राचं नाव लिहील. लिहू द्या. मूळ कागद त्या मित्राकडे, झेरॉक्स वहीत.